‘द लास्ट सपर’मधले तेरा जण: कोण कुठे बसलंय ते कसं ओळखायचं

वसई, गोवा किंवा मुंबईच्या जुन्या गावठाणांतल्या ख्रिस्ती घरात जेवायला बसलात, तर समोरच्या भिंतीवर ‘द लास्ट सपर’, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र, असण्याची शक्यता बरीच. लांबच लांब टेबल, मधोमध येशू, दोन्ही बाजूंना सहा-सहा शिष्य. येशू सगळ्यांना ओळखू येतो, येशूला दगा देणारा, पैशाची थैली धरलेला यहूदाही बऱ्याच जणांना माहीत असतो. बाकीचे अकरा मात्र ‘इतर शिष्य’ या एका नावात खपून जातात. हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे, कारण लिओनार्दो दा विंचीनं त्या बाराही जणांना वेगवेगळं वागायला लावलंय. त्यांच्या या वागण्यावरूनच ते ओळखता येतात.

या लेखात वापरलेली युक्ती एका वाक्यात सांगायची तर: चेहरे सोडा, हात बघा. मूळ चित्रातले चेहरे पाचशे वर्षांत इतके झडलेत की त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. दाढ्याही फसवतात, आणि कपड्यांचे रंग तर प्रत्येक छपाईत बदलतात. हात मात्र जवळजवळ प्रत्येक प्रामाणिक नकलेत जागच्या जागी आहेत.

आधी तुमच्यासमोरचं चित्र कोणतं ते ठरवा

ही पायरी गाळू नका. घरोघरी ‘लास्ट सपर’ म्हणून जे लावलेलं असतं ते प्रत्येक वेळी लिओनार्दोचं नसतं, आणि दुसऱ्या चित्रकाराच्या चित्राला या लेखातला बसण्याचा क्रम लागू होणार नाही.

मूळ चित्र इटलीत मिलान शहरात आहे. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर ते थेट रंगवलेलं आहे, साधारण ४.६ मीटर उंच आणि ८.८ मीटर रुंद. मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या सांगण्यावरून लिओनार्दोनं ते १४९५ ते १४९८ च्या सुमारास काढलं. भित्तिचित्राची रुळलेली पद्धत म्हणजे ओल्या गिलाव्यावर भरभर रंगवायचं. लिओनार्दोला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवत काम करायचं होतं, म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर अस्तर देऊन टेम्परा (अंड्यात कालवलेले रंग) आणि तैलरंग वापरले. परिणाम असा की त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. १६५२ मध्ये मठवासीयांनी त्याच भिंतीत दरवाजा पाडला आणि येशूचे पाय गेले. १७९६ नंतर नेपोलियनच्या सैन्यानं त्या खोलीत घोडे बांधले. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बवर्षावात भोजनगृहाचं छप्पर आणि एक भिंत कोसळली; चित्राची भिंत वाळूच्या पोत्यांच्या आधारानं कशीबशी उभी राहिली. पिनिन ब्रांबिल्ला बार्चिलोन यांनी १९७८ ते १९९९ अशी सलग दोन दशकं नंतरच्या लोकांनी फासलेले रंग काढून मूळचं जे शिल्लक होतं ते उघडं केलं.

यातून घरच्या फ्रेमसाठी तीन चाचण्या मिळतात. टेबलाखाली येशूचे पाय पूर्ण दिसत असतील, तर ती मूळ भिंतीची छायाप्रत नाही. एखाद्या जुन्या नकलेवरून किंवा संगणकावर दुरुस्त करून केलेली आहे. ओळखण्याच्या कामासाठी मात्र ती चालेल, उलट जास्त सोयीची पडेल. डोक्यांमागे सोनेरी प्रभावळी असतील, तर त्या नंतर कुणीतरी चढवल्यात; लिओनार्दोनं कुणालाच प्रभावळ दिलेली नाही. येशूच्या पुढ्यात एकच मोठा, कोरीव, उंच प्याला असेल, तर सावध व्हा. लिओनार्दोच्या टेबलावर साधे छोटे काचेचे पेले आहेत, ठळक असा ‘पवित्र प्याला’ नाहीच. असं चित्र बहुधा दुसऱ्याच कुणाचं असतं.

मोबाइलवर बघणार असाल तर दोन चित्रं शेजारी ठेवा. एक मूळ भिंतीचं: २००७ साली तिचा सोळा अब्ज पिक्सेलचा फोटो घेतला गेला आणि चांगल्या दर्जाच्या प्रती इंटरनेटवर सहज सापडतात. दुसरं म्हणजे लिओनार्दोच्या मंडळीतल्या जाम्पिएत्रिनो या चित्रकाराची मोठी नक्कल, जी लंडनच्या रॉयल अकादमीकडे आहे. तिचा वरचा भाग कापलेला आहे, पण भिंतीवर आता न दिसणारं बरंच काही तिच्यात शाबूत आहे: येशूचे पाय, यहूदाच्या हाताशी कलंडलेली मीठदाणी, बोटांची नेमकी ठेवण. शंका आली की मूळ सोडून या नकलेकडे वळायचं.

मग तो क्षण लक्षात घ्या

हे शांत भोजन नाही. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो की तुमच्यातलाच एक जण मला धरून देईल. चित्र त्या वाक्यानंतरच्या दोन-चार सेकंदांचं आहे. प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे दचकलाय: कुणी म्हणतंय ‘मी नाही’, कुणी ‘कोण तो?’, कुणी ‘काय म्हणाले?’. म्हणजे एकच वाक्य आणि त्यावर बारा उत्तरं. लिओनार्दोच्या एका टिपणवहीत अशा हालचालींची यादीच आहे: एक जण पिता पिता थांबून बोलणाऱ्याकडे वळतो, दुसरा खांदे कानापर्यंत उडवून तळवे दाखवतो, तिसरा शेजाऱ्याच्या कानात बोलतो. यादीत नावं नाहीत, फक्त हात, खांदे आणि भुवया आहेत. खुद्द चित्रकारच हातांपासून सुरुवात करत असेल तर आपणही तेच केलेलं बरं.

टेबलाचे चार तुकडे करा

येशू मध्ये एकटा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा आहे. त्यापलीकडे बारा शिष्य तीन-तीनच्या चार घोळक्यांत विभागलेले आहेत. डावं-उजवं मी सगळीकडे बघणाऱ्याच्या बाजूनं म्हणतोय. येशूच्या उजव्या हाताला बसलेला आपल्याला डावीकडे दिसेल.

डावीकडून उजवीकडे क्रम असा: बर्थलमय, धाकटा याकोब, अंद्रिया, मग यहूदा इस्कार्योत, पेत्र, योहान, मध्ये येशू, मग थोमा, थोरला याकोब, फिलिप्प, आणि शेवटी मत्तय, तद्दय, शिमोन.

नावं मी मराठी बायबलातली वापरतोय. घरी तुम्ही पीटर, जॉन, थॉमस म्हणत असाल, गोव्यात पेद्रू, जुवांव, तोमे म्हणत असाल; माणसं तीच. एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. या बारांत दोन शिमोन आहेत (पेत्राचं मूळ नाव शिमोन), दोन याकोब आहेत, आणि यहूदाही दोन, कारण तद्दयाला लूकच्या यादीत यहूदा म्हटलंय. म्हणून नुसतं ‘याकोब’ म्हणून बोट दाखवलं तर उत्तर अर्धंच. जब्दीचा मुलगा तो थोरला, अल्फीचा मुलगा तो धाकटा.

मध्यभागापासून सुरुवात करून कडांकडे जाऊ. कडेची माणसं ओळखायला मधल्यांचा आधार लागतो.

येशू: सगळ्या रेषा जिथे जातात तो

त्याला ओळखावं लागत नाही, पण त्याचे हात बघून घ्या, पुढे लागतील. दोन्ही हात टेबलावर पसरल्यामुळे त्याच्या शरीराचा त्रिकोण झालाय. त्याचा उजवा हात, म्हणजे आपल्या डावीकडचा, पालथा आहे आणि एका ताटाच्या दिशेनं गेलाय. दुसरा हात उताणा, भाकरीकडे. मागची खिडकी प्रभावळीचं काम करते. ज्यांनी शाळेत इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा दिली असेल त्यांनी पट्टी घेऊन छताच्या आणि बाजूच्या भिंतींवरच्या पडद्यांच्या रेषा वाढवून बघाव्यात. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे त्या रेषा एकत्र मिळतात तो बिंदू, येशूच्या कपाळाच्या बाजूला, आपल्या डावीकडच्या कानशिलापाशी येतो. तिथे भिंतीत खिळ्याचं भोकही सापडलंय. दोऱ्या ताणून रेषा मारल्या त्याची खूण.

यहूदा, पेत्र, योहान: सगळ्यात गुंतागुंतीचा घोळका

इथे तीन डोकी एकमेकांत शिरलीयत. सगळ्यात सोपं टोक पकडा, ते म्हणजे यहूदा. त्याच्या उजव्या मुठीत लहानशी थैली आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात शिष्यांचा पैसा त्याच्याकडे असल्याचं म्हटलंय, आणि मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात त्याला तीस रुपये मिळाल्याचंही आहे. थैली यांपैकी कोणतीही मानली तरी माणूस तोच. त्याचा कोपर टेबलावर टेकलाय, शरीर मागे झुकलंय, आणि त्यामुळे चेहरा सावलीत गेलाय. चित्रातला उजेड डावीकडून येतो, कारण खऱ्या खोलीच्या खिडक्याही त्याच बाजूला आहेत. बाकीच्यांच्या तोंडावर उजेड आहे, यहूदाच्या नाही. आता त्याचा दुसरा हात बघा: तोही त्याच ताटाकडे चाललाय, ज्याच्या दिशेनं येशूचा पालथा हात आहे. ‘माझ्याबरोबर ताटात हात घालणारा’ हे शुभवर्तमानातलं वाक्य लिओनार्दोनं दोन हातांत सांगून टाकलंय.

लिओनार्दोच्या आधी चित्रकार यहूदाला टेबलाच्या अलीकडे, सगळ्यांसमोर एकटाच बसवत. फ्लॉरेन्समध्ये कास्तान्योच्या आणि गिरलांदायोच्या भित्तिचित्रांत तो तसाच बसलाय, लगेच सापडतो. लिओनार्दोनं त्याला इतरांच्या रांगेत नेऊन बसवलं आणि बघणाऱ्याला शोधायला लावलं. मला या चित्रातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच वाटतो.

येशूसाठी जो तरुण बसवला, तोच पुढे गुन्हेगार होऊन यहूदासाठी बसला, अशी एक गोष्ट प्रवचनांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरत असते. तिला काही आधार नाही. सगळं चित्रच तीनेक वर्षांत झालं. सोळाव्या शतकातला चरित्रकार वसारी वेगळीच गंमत सांगतो: मठाधिपती कामाच्या उशिराबद्दल सारखा कुरकुरत होता, तेव्हा लिओनार्दो म्हणाला की यहूदासाठी चेहरा मिळेना तर शेवटी मठाधिपतीचाच लावतो.

यहूदाच्या मागून पुढे घुसलेला पांढऱ्या दाढीचा, रागावलेला माणूस पेत्र. इथे मोजणी चुकते, कारण पेत्राचं धड यहूदाच्या मागे डावीकडे आहे आणि डोकं मात्र यहूदाला ओलांडून योहानाच्या कानाशी पोचलंय. त्याचा एक हात योहानाच्या खांद्याशी आहे: योहानाच्या शुभवर्तमानात शिमोन पेत्र खुणेनं सांगतो की कोण ते विचार, तोच हा क्षण. दुसरा हात कमरेशी मागे मुडपलेला आहे आणि त्यात सुरी आहे. मनगट इतकं पिळलेलं आहे की सुरीचा हात कुणाचाच नाही असं पाहणाऱ्याला वाटतं, आणि त्यावरून ‘चौदाव्या माणसाचा हात’ वगैरे कथा रचल्या गेल्या. विंडसरच्या राजसंग्रहात लिओनार्दोनं पेत्राच्या याच हाताचा काढलेला अभ्यास आहे, त्यामुळे वादाला जागा उरत नाही. त्याच रात्री बागेत पेत्र तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापणार आहे. सुरी त्याची आगाऊ सूचना.

राहिला योहान: दाढी नसलेला, डोकं पेत्राकडे कललेलं, हात एकमेकांत गुंफून टेबलावर ठेवलेले. सगळ्या गोंधळात हे दोन हात तेवढे स्वस्थ आहेत. आता ‘ती बाई आहे, मरिया माग्दालिया आहे’ या दाव्याबद्दल. एका गाजलेल्या कादंबरीमुळे तो जगभर पोचला आणि मराठी घरांतही जेवणाच्या टेबलावर यावर वाद झालेत. उत्तर साधं आहे. योहान शिष्यांत सगळ्यात लहान मानला जातो, आणि त्या काळच्या इटालियन चित्रांत तो नेहमीच कोवळा, बिनदाढीचा, लांब केसांचा दिसतो. कास्तान्योचा आणि गिरलांदायोचाही तसाच आहे. शिवाय मोजून बघा. ती व्यक्ती माग्दालिया असेल, तर बाराव्या शिष्याची जागा रिकामी पडते, आणि येशूच्या लाडक्या शिष्यालाच या भोजनातून उठवावं लागतं. दोघांमधल्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या फटीचंही असंच. आधीच्या चित्रांत योहान येशूच्या छातीवर रेललेला असतो. इथे पेत्रानं त्याला बोलावून घेतलंय म्हणून तो बाजूला झालाय, आणि येशू एकटा पडलाय.

योहान आणि येशू यांच्या कपड्यांत एक अदलाबदल आहे: येशूचा अंगरखा लाल आणि उपरणं निळं, योहानाचं बरोबर उलटं. रंगांवर विसंबू नका असं मी वर म्हटलं, पण ही एक जोडी बहुतेक छपाईत टिकते.

थोमा, थोरला याकोब, फिलिप्प

येशूच्या लगेच उजवीकडे एक तर्जनी सरळ वर उठलीय. तो थोमा. त्याचं डोकं आणि ते बोट एवढंच दिसतं, बाकी अंग याकोबाच्या मागे झाकलंय. पुनरुत्थानानंतर ‘जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही’ म्हणणारा हाच, त्यामुळे बोट म्हणजे थोमा ही खूण कधी विसरायला होत नाही. आपल्याकडे थोमा सगळ्यात परिचित: परंपरेनुसार तो केरळात आला आणि चेन्नईच्या मैलापुरात त्याचा अंत झाला, आणि मुंबईचं चर्चगेट ज्या चर्चमुळे चर्चगेट झालं ते फोर्टातलं कॅथीड्रलही त्याच्याच नावाचं.

त्याच्या पुढे दोन्ही हात दोन बाजूंना फेकलेला, तोंड जरासं उघडं, नजर खाली, तो थोरला याकोब. योहानाचा सख्खा भाऊ. मार्काच्या दहाव्या अध्यायात हे दोघे जब्दीपुत्र येशूकडे मागणी करतात की तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव. या टेबलावर योहान येशूच्या उजव्या हाताला आणि याकोब डाव्या हाताला आहे. एकदा हे दिसलं की दोघांच्या जागा पाठ कराव्या लागत नाहीत.

तिसरा उभा राहिलाय, थोडा वाकून, दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या छातीकडे वळवून. ‘प्रभू, मी तर नाही ना?’ हे त्याच्या हातांनी विचारलंय. हा फिलिप्प, कोवळा चेहरा, दाढी नाही. बिनदाढीचा म्हणून त्याला योहान समजण्याची चूक होते. योहान बसलेला आहे आणि येशूच्या दुसऱ्या बाजूला आहे, एवढं ध्यानात ठेवा.

डावं टोक

टेबलाच्या अगदी डाव्या कडेला, दोन्ही तळवे टेबलावर रोवून उभा राहिलेला बर्थलमय. ऐकू नीट आलं नाही म्हणून उठल्यासारखा. परंपरा सांगते की तोही भारतात आला होता, आणि काही जण त्याचा संबंध थेट कल्याण बंदराशी जोडतात. गोव्यात चोडण बेटावरचं चर्चही त्याच्याच नावाचं.

त्याच्या शेजारचा धाकटा याकोब बाजूनं दिसतो आणि त्याची खूण म्हणजे लांबवलेला हात: अंद्रियाच्या पाठीमागून तो थेट पेत्रापर्यंत पोचलाय. आणखी एक गोष्ट बघा, हा येशूसारखा दिसतो. पाश्चात्त्य परंपरेत यालाच ‘प्रभूचा भाऊ याकोब’ मानत, आणि मध्ययुगीन संतकथेत तर म्हटलंय की दोघांत इतकं साम्य होतं की शिपायांची चूक होऊ नये म्हणून यहूदाला चुंबन घेऊन येशू दाखवून द्यावा लागला. चेहऱ्यावरून ओळखता येईल असा येशूनंतरचा हा एकच.

अंद्रिया म्हणजे दोन्ही तळवे छातीपुढे उभे धरलेला म्हातारा, ‘नको, नको’ म्हणावं तसा. हा पेत्राचा भाऊ, म्हणून पेत्राच्या गटाला लागूनच. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज याच्याच नावाचं.

उजवं टोक

इथे हात कमी मदत करतात, तेव्हा नजरेची दिशा बघायची. तिघांनीही येशूकडे पाठ किंवा कूस केलीय आणि आपापसात बोलतायत. पहिला, तरणा, निळ्या कपड्यातला मत्तय: दोन्ही हात येशूकडे, तोंड मात्र उलट दिशेला, शेजाऱ्यांकडे. ‘ऐकलंत का काय म्हणाले?’ शेवटी, उजव्या कडेला, टक्कल पडलेला वृद्ध शिमोन, हात पुढे करून ‘मला काय विचारता’ म्हणणारा. दोघांच्या मध्ये तद्दय. तद्दय आणि शिमोन यांचा सण कॅथलिक पंचांगात एकाच दिवशी, २८ ऑक्टोबरला येतो. दोघांना शेजारी लक्षात ठेवायला तेवढं पुरे.

ही नावं आली कुठून

यहूदा, पेत्र, योहान आणि थोमा चित्रातूनच सिद्ध होतात. मत्तय की तद्दय, हे मात्र नुसतं बघून कुणीही सांगू शकत नाही. त्यासाठीचा मुख्य आधार स्वित्झर्लंडमध्ये लुगानोजवळच्या पोन्ते काप्रियास्का या गावी आहे. तिथल्या संत अम्ब्रोझ चर्चमध्ये सोळाव्या शतकातली या चित्राची भित्तिचित्र-नक्कल आहे आणि प्रत्येक शिष्याच्या खाली त्याचं नाव रंगवलेलं आहे. आज पुस्तकांत आणि फलकांवर दिसणारा क्रम त्याच नावांवर उभा आहे. एखाद्या कॅलेंडरवर वेगळा क्रम छापलेला दिसला तर काप्रियास्काचा क्रम धरा.

चिन्हांवरून ओळखायला गेलात तर फसाल

चर्चमधल्या मूर्ती ज्यांना पाठ आहेत त्यांच्यासाठी हा इशारा. मूर्तिकलेत प्रत्येक प्रेषिताला (या बारा शिष्यांना प्रेषितही म्हणतात) ठरलेली वस्तू असते: पेत्राला किल्ल्या, अंद्रियाला फुलीसारखा क्रूस, थोरल्या याकोबाला शिंपला आणि काठी, शिमोनाला करवत, बर्थलमयाला सुरी (त्याची कातडी सोलली गेली अशी कथा आहे), मत्तयाला जकातीची थैली. लिओनार्दोच्या चित्रात यातलं जवळजवळ काहीच नाही, आणि जे आहे ते भलत्याच माणसाकडे आहे. सुरी दिसली म्हणून बर्थलमय म्हणाल, तर ती पेत्राच्या हातात आहे. थैली दिसली म्हणून मत्तय म्हणाल, तर ती यहूदाची. घरातल्या मोठ्या मंडळींशी वाद होतो तो बहुतेक या दोन वस्तूंवरूनच.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल

मिलानमध्ये तिकीट आधीच काढावं लागतं आणि लहान गटाला पंधरा मिनिटंच आत थांबता येतं. युरोपात राहणाऱ्या किंवा सहलीला निघालेल्या मराठी मंडळींना माझा सल्ला: नावं घरी पाठ करून जा, तिथे फोनवर यादी उघडून बसू नका. आत गेल्यावर आधी खोलीच्या मागच्या टोकाला उभं राहून चार घोळके बघा, मग जवळ येऊन हात. शेवटची दोन मिनिटं पाठीमागच्या भिंतीसाठी ठेवा: तिथे मोंतोर्फानोचं १४९५ मधलं क्रूसारोहण आहे. ते ओल्या गिलाव्यावर रीतसर रंगवलेलं असल्यानं आजही कितीतरी शाबूत आहे, आणि लिओनार्दोच्या प्रयोगाची किंमत दोन भिंतींमध्ये मान वळवली की कळते. टेबलावरच्या ताटांकडेही लक्ष द्या. सफाईनंतर एका ताटात मासे आणि संत्र्याच्या फोडी स्पष्ट झाल्या; अभ्यासक ते ईल मासे असल्याचं सांगतात.

दुसऱ्या चित्रकाराचं ‘लास्ट सपर’ समोर आलं तर

तेव्हा वरचा क्रम विसरा, पद्धत ठेवा. आधी यहूदा शोधा: टेबलाच्या अलीकडे एकटा, किंवा प्रभावळ नसलेला, किंवा थैलीवाला. मग बिनदाढीचा योहान, तो येशूला चिकटून असतो. मग पेत्र, आखूड पांढऱ्या दाढीचा, येशूच्या जवळपास. या तिघांपुढे जायचं असेल तर अक्षरं शोधा. स्पेनच्या हुआन दे हुआनेसनं सोळाव्या शतकात काढलेलं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात प्रेषितांची नावं त्यांच्या प्रभावळींतच लिहिलीयत, आणि यहूदाला प्रभावळच नाही. कोलकात्याच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये झोफनीनं १७८७ मध्ये काढलेलं ‘लास्ट सपर’ आहे, तिथे शिष्यांसाठी त्या वेळच्या कलकत्त्यातली खरी माणसं बसवली होती, त्यामुळे चेहऱ्यांवरून प्रेषित शोधण्यात काही अर्थ नाही. साल्वादोर दालीच्या १९५५ च्या चित्रात, जे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, बाराही शिष्यांनी माना खाली घातल्यात आणि चेहरे लपलेत. तिथे कोण कोणता हे शोधण्यात वेळ घालवू नका. चित्रकारानं ते सांगायचं ठरवलेलंच नाही.